मार लागलेला मायक्रोवेव्ह : कोडोलीच्या ग्रामसभेस खुले पत्र

प्रति,
ग्रामसभा, कोडोली,
ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर

विषय : पडलेले, चेपलेले, गंजलेले किंवा पुराच्या पाण्यात गेलेले मायक्रोवेव्ह ओव्हन वापरण्यातला धोका.

मार लागलेला मायक्रोवेव्ह ओव्हन वापरावा की नाही, हे मार कुठे लागला यावर ठरते. तो किती मोठा दिसतो यावर नाही. पाठीच्या पत्र्याला वितभर पोचा आलेला ओव्हन वर्षानुवर्षे बिनधोक चालू शकतो. उलट दाराची बिजागरी जरा खाली बसलेला, बाकी नवाकोरा दिसणारा ओव्हन त्याच दिवशी बंद करावा लागतो. कोल्हापूरकडे यंत्राच्या तब्येतीचा दाखला दोन शब्दांत मिळतो : ‘चालतंय की!’ पंखा, मिक्सर, विहिरीवरची मोटर यांच्या बाबतीत तो बराचसा खराही असतो. मायक्रोवेव्हचे तसे नाही. यात अन्न तापवणारे भाग वेगळे आणि माणसाला सांभाळणारे भाग वेगळे. सांभाळणारे भाग निकामी झाले तरी तापवणारे चालूच राहतात आणि दूध नेहमीसारखेच ऊन होते.

घरातल्या ओट्यावरची ही गोष्ट ग्रामसभेपुढे येण्याचे कारण असे, की ओव्हन एका घरात राहत नाही. नवा आला की जुना पाहुण्यांकडे जातो, तिथून चहाच्या गाड्यावर किंवा बेकरीत, मग दुरुस्तीच्या दुकानात, शेवटी भंगारात. प्रत्येक टप्प्यावर तो थोडा अधिक ठेचलेला असतो, आणि त्याचा इतिहास ठाऊक असलेला माणूस दर वेळी मागे राहतो.

ओव्हनच्या आत, बहुधा बटणांच्या पट्टीमागे, मॅग्नेट्रॉन नावाची नळी असते. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी १९४० साली रडारसाठी तिचा जोरकस नमुना बनवला. १९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर यांनी तीच नळी अन्न तापवण्यासाठी वापरण्याच्या पेटंटचा अर्ज केला. घरगुती ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो; त्यांची लांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर असते. या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नव्हेत. त्या अन्नात साठून राहत नाहीत, अन्न ‘किरणोत्सारी’ करत नाहीत आणि बटण बंद झाल्याक्षणी संपतात. त्यांचे काम एकच, पाणी असलेल्या वस्तूला तापवणे. पण हाताचा पंजा आणि डोळ्याचे भिंगही पाणी असलेल्याच वस्तू आहेत. म्हणून सगळा बंदोबस्त या लहरी पत्र्याच्या खणात कोंडून ठेवण्याचा आहे. पाच बाजूंना अखंड पत्रा असल्याने तिथे प्रश्न फारसा येत नाही. सहावी बाजू दाराची.

दाराला डोळा लावून पाहिले तर काचेमागे बारीक भोकांची जाळी दिसते. भोके साधारण एक-दीड मिलिमीटरची असतात. उजेडाची लहर इतकी सूक्ष्म असते की ती सहज पार होते, म्हणून आत फिरणारी वाटी दिसते; बारा सेंटिमीटरच्या लहरीला मात्र तीच जाळी सलग पत्र्यासारखी वाटते. इथवर बहुतेकांना ठाऊक असते. खरी कारागिरी जाळीत नसून दाराच्या चौकटीत असते. दार आणि ओव्हनचे तोंड यांच्यामध्ये सगळीकडून थोडी फट राहतेच, कारण पत्रा पत्र्याला कधी पूर्ण चिकटत नाही. त्या फटीतून लहर बाहेर पडू नये म्हणून दाराच्या कडेने, आतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीमागे, पत्र्याची एक खाच फिरवलेली असते. तिला चोक म्हणतात. तिची खोली लहरीच्या लांबीच्या पावपट, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आसपास धरलेली असते. फटीत शिरलेली लहर खाचेत जाते, तळाला आपटून परत येते आणि येताना नेमकी उलटी होऊन पुढच्या लहरीला मोडते.

म्हणजे दाराचे झाकणपण मापावर अवलंबून आहे, घट्टपणावर नाही. फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहायची परीक्षा इथे निरुपयोगी ठरते. पट्टी सैल निघाली तरी ओव्हन ठीक असू शकतो आणि घट्ट अडकली तरी चौकट पिळवटलेली असू शकते. चोकची खाच चेपली, चौकट वाकली, दार एका कोपऱ्यात खाली आले, तर माप बिघडते. आतली प्लॅस्टिकची पट्टी तुटली तर खाचेत तूप, साखर, रश्शाचे शिंतोडे जाऊन बसतात, जळून कोळसा होतात आणि तिथेच ठिणग्या पडू लागतात.

दाराचे असे नुकसान बहुधा पडझडीतून होतही नाही. ते रोजच्या वापरातून होते. उघड्या दारावर गरम पातेले क्षणभर टेकवणे, लहान मुलाने दाराला लोंबकळणे, हात पुसायचे फडके दारात अडकवून तसेच दार लोटणे, ही त्याची नेहमीची कारणे. तपासणी सोपी आहे. प्लग काढून, ओव्हन थंड असताना दार बंद करावे आणि चारही कडांची फट एकसारखी दिसते का ते उजेडात पाहावे. मग दार हलक्या हाताने वर-खाली करून बघावे. बिजागरीत खुळखुळ जाणवता कामा नये. दाराच्या आतल्या कडेला दोन आकडे असतात, त्यांत तडा नसावा. तुटलेला आकडा डिंकाने किंवा फेव्हिक्विकने चिकटवणे हा उपाय नव्हे, कारण हे आकडे दार धरून ठेवण्यापलीकडे आणखी एक काम करतात.

ते काम असे. आकडे भोकात शिरले की आतले खटके दाबले जातात. या खटक्यांना इंटरलॉक म्हणतात. अमेरिकेत १९७१ पासून लागू असलेल्या नियमांनुसार असे निदान दोन स्वतंत्र खटके लागतात आणि त्यांवर नजर ठेवणारी आणखी एक व्यवस्था लागते. हीच रचना जगभरच्या ओव्हनमध्ये रुजली. भारतात मायक्रोवेव्हच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३०२ या मानकाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि २०१२ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने मायक्रोवेव्हसाठी भारतीय मानक ब्यूरोकडची नोंदणी सक्तीची झाली. मागच्या पत्र्यावरच्या चिठ्ठीवर मानकाच्या चिन्हासोबत ‘आर’ अक्षराने सुरू होणारा जो क्रमांक असतो, तो या नोंदणीचा. जुना ओव्हन विकत घेताना ही चिठ्ठी खरवडलेली आढळली तर किंमत कितीही कमी असो, सौदा तिथेच सोडावा.

नजर ठेवणारा तिसरा खटका मोठा हिकमती असतो. दार उघडल्यावरही पहिला खटका चिकटून राहिला, वीज चालूच राहिली, तर हा तिसरा खटका मुद्दाम शॉर्टसर्किट करतो आणि ओव्हनच्या आतला फ्यूज उडवून यंत्र मारून टाकतो. म्हणून दार उघडताना किंवा लावताना ‘फट्’ आवाज होऊन ओव्हन मेला, तर त्याचा अर्थ बहुधा इतकाच, की खटके किंवा आकडे बिघडले होते आणि राखणदाराने आपले काम केले. इथेच मोठी चूक होते. खटके न बदलता नुसता फ्यूज बदलला जातो. तो पुन्हा उडाला की मेस्त्री त्या जागी जाड तार जोडून देतो. ओव्हन सुरू होतो, मालक खूश होतो, आणि दार उघडे असताना यंत्र बंद पाडणारा शेवटचा मार्ग कायमचा बुजतो. जुन्या घरातल्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये तार भरायची गावाची सवय इथे अंगाशी येते. फ्यूज त्याच अँपिअरचा बसवावा आणि एकदा असा उडाला की खटकेही नवे टाकावेत, कारण शॉर्टच्या झटक्यात त्यांची टोके वितळून चिकटलेली असतात. खटक्यांची किंमत फारशी नसते.

खटके ठीक आहेत का, याची एक घरगुती खूण आहे. पेलाभर पाणी ठेवून ओव्हन चालू करावा आणि मध्येच दार उघडावे. आतली जड गुणगुण त्याच क्षणी थांबली पाहिजे. काही मॉडेलांत दिवा किंवा पंखा पुढे चालू राहतो, त्याने घाबरू नये. पण गुणगुण क्षणभरही रेंगाळली, तर प्लग काढावा आणि तो ओव्हन दुरुस्तीशिवाय पुन्हा लावू नये.

दाराची काच फुटणे हे दिसायला सगळ्यांत भयंकर. प्रत्यक्षात लहरी अडवते ती जाळी, काच नव्हे. बाहेरच्या काचेला चीर गेली आणि जाळी जशीच्या तशी असली, तर लहरी एकदम बाहेर पडू लागत नाहीत. तरीही असा ओव्हन वापरू नये : काच तापून निखळते, आणि तिच्याआडून जाळीच्या भोकात सुई किंवा तार घालायची सोय होते. लहान मुलांच्या घरात हे आपोआप घडते. जाळीलाच भोक पडले, ती चौकटीपासून सुटली किंवा फाटली, तर मात्र एकही मिनिट चालवू नये. इथे डोळा फसतो. गोल छोट्या भोकापेक्षा केसाएवढी पण लांब चीर जास्त वाईट, कारण लहर फटीची रुंदी बघत नाही, लांबी बघते. सहा सेंटिमीटरच्या, म्हणजे लहरीच्या निम्म्या लांबीच्या आसपासची बारीक फट अँटेनासारखे काम करू शकते. जाळीवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवून ओव्हन वापरणे हा या प्रश्नावरचा उपाय म्हणता येत नाही. अखंड दार मिळत असेल तर बदलावे. मिळत नसेल तर ओव्हन मोडीत काढावा.

गळती किती झाली तर किती धोका, याचे माप ठरलेले आहे. ओव्हनपासून ५ सेंटिमीटरवर, दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट ही वापरातल्या ओव्हनची मर्यादा. अमेरिकी नियमात कारखान्यातून निघतानाची मर्यादा याहून कडक, १ मिलिवॅट आहे. अंतराने हा जोर फार लवकर ओसरतो. ५ सेंटिमीटरवर जेवढा असेल त्याच्या साधारण शंभरावा भाग ५० सेंटिमीटरवर उरतो. धडधाकट ओव्हन चालू असताना चार पावले लांब पळणाऱ्यांची भीती म्हणून अनाठायी आहे. दार बिघडलेल्या ओव्हनला नाक लावून दूध उतू जाते का हे पाहणारा मात्र नेमक्या वाईट जागी उभा असतो. डोळ्याचे भिंग आणि वृषण यांत उष्णता वाहून नेणारे रक्त कमी फिरते, त्यामुळे त्यांना इजा लवकर होते. दार उघडे असताना यंत्र चालले तर प्रश्न मिलिवॅटचा राहत नाही. शेकडो वॅट समोर येतात आणि भाजणे कातडीखालीही होते.

मोबाइल ओव्हनमध्ये ठेवून दुसऱ्या फोनवरून रिंग देण्याची परीक्षा गावोगावी सांगितली जाते : वाजला तर गळती. ती खरी नाही. चोक २.४५ गिगाहर्ट्झसाठी कापलेला असतो, फोन बहुधा दुसऱ्याच लहरींवर बोलतो. शिवाय फोनचा कान इतका तिखट असतो की मूळ जोराचा लाखावा भाग आत शिरला तरी तो वाजतो. धडधाकट ओव्हनमध्येही फोन वाजतो. वरून धोका असा, की फोन आत असताना चुकून बटण दाबले गेले तर फोन आणि ओव्हन दोन्ही जातात. बाजारात मिळणारी स्वस्त गळतीमापकेही अंदाजापुरतीच. त्यांनी ‘हिरवा’ दाखवला म्हणून वाकलेले दार सरळ होत नाही.

आतल्या खणाचे नुकसान वेगळ्या जातीचे असते. तिथे बाहेरच्या माणसापेक्षा आगीचा प्रश्न मोठा. भिंतीवरचा रंग उडाला की पत्रा उघडा पडतो, कोल्हापुरी पावसाळ्याच्या दमट हवेत आणि खारट वाफेत त्याला गंज धरतो, आणि गंजाच्या खरबरीत टोकांवर ठिणग्या पडतात. वरवरचा गंज घासून खास मायक्रोवेव्हसाठीचा रंग लावता येतो. घरातला ऑइल पेंट चालत नाही. फिरत्या काचेखालचा तळ सर्वांत आधी गंजतो आणि कोणी बघतच नाही. तिथे आरपार भोक पडले असेल तर ओव्हन संपला.

ठिणग्यांचे सर्वांत सामान्य कारण मात्र अगदी किरकोळ असते. आतल्या उजव्या भिंतीवर खाकी रंगाची, पापडासारखी एक पट्टी दिसते. ती अभ्रकाची. तिच्यामागून लहरी खणात येतात आणि अन्नाचे शिंतोडे मॅग्नेट्रॉनपर्यंत जाऊ नयेत म्हणून ती असते. तुपाचा थेंब तिच्यावर पडून जळतो, जागा काळी पडते, काळा डाग अधिक तापतो, पट्टीला भोक पडते आणि एक दिवस आत फटाका वाजल्यासारखे होते. लोक ओव्हन फेकायला निघतात. दुरुस्तीवाला अभ्रकाचा नवा तुकडा घेतो, जुनी पट्टी त्यावर ठेवून कात्रीने माप कापतो आणि बसवतो. खण पुसून स्वच्छ केला की ओव्हन पूर्ववत. गळतीची भीती असलेल्या ठिकाणी बेफिकिरी आणि अभ्रकाच्या तुकड्यापायी नवे यंत्र, असा उफराटा हिशेब अनेक घरांत चालतो.

पडलेल्या ओव्हनची गोष्ट निराळी. जुन्या पद्धतीच्या ओव्हनमध्ये तीन-चार किलोचा ट्रान्सफॉर्मर एका बाजूला बसवलेला असतो. म्हणूनच ओव्हन उचलताना एका हाताला जड लागतो. ओट्यावरून खाली आला की हा लोखंडी गोळा तळाचा पत्रा वाकवतो आणि त्या पत्र्याबरोबर दाराची चौकटही पिळते. मॅग्नेट्रॉनमधले चुंबक चिनी मातीसारखे ठिसूळ असते, त्याला तडा गेला तर अन्न कमी तापते आणि नळी जास्त. बाहेरचा पोचा नुसता वरच्या पत्र्यात असेल आणि हवेच्या झडपा मोकळ्या असतील, तर तो शोभेचा प्रश्न आहे. पण पडलेला ओव्हन ‘चालतोय’ म्हणून लगेच लावण्याऐवजी आधी उघडून पाहून घेणे बरे. उघडणारा मात्र जाणकार हवा.

तो का, हे एका आकड्यात सांगता येते. भिंतीतली वीज २३० व्होल्टची; मॅग्नेट्रॉनकडे जाणारी सुमारे ४,००० व्होल्टची. तिथला ट्रान्सफॉर्मर काही शे मिलिअँपिअर सहज देतो आणि हृदय बंद पडायला त्याहून बरेच कमी पुरतात. शिवाय एक मोठा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून बसू शकतो. त्यातला भार हळूहळू जिरवणारा रोध आतच असतो, पण तो तुटला असेल तर बाहेरून कळत नाही. धक्का बसताच वीज तोडणाऱ्या, घरात बसवलेल्या ईएलसीबीवर विसंबूनही चालत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा धक्का त्याला दिसत नाही, कारण तो प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडेच फिरतो आणि मुख्य तारांतला येणारा-जाणारा प्रवाह सारखाच राहतो. टीव्ही, पंखे, इस्त्र्या सराईतपणे दुरुस्त करणारा हात इथे त्याच सराईतपणामुळे फसतो.

प्लगच्या बाजूचे दोष साधे असतात. वायर ओव्हनच्या पायाखाली चेंगरलेली, उंदराने कुरतडलेली, किंवा थ्री-पिनचा मधला पाय काढून टू-पिनमध्ये घातलेली. ८०० वॅट ‘देणारा’ ओव्हन घेताना बाराशे-तेराशे वॅट घेतो. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट आणि खरे अर्थिंग लागते. जुन्या वाड्यांतून सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे तार नसते. वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. बटणांच्या पट्टीत ऊब शोधत घर करणारी झुरळेही यातच मोजावीत. त्यांच्यामुळे बटणे आपोआप दाबली गेल्यासारखी वागू लागतात.

आता पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगा आणि वारणेच्या काठची गावे पाण्यात गेली. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच अनेक दिवस बंद होता. पाणी ओसरल्यावर अंगणा-अंगणांत टीव्ही, मिक्सर, फ्रिज उन्हात मांडलेले दिसले. मायक्रोवेव्हला हा उपचार पुरत नाही. पाणी उडून जाते, पण त्यातला गाळ आणि क्षार ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत, खटक्यांत आणि चोकच्या खाचेत राहतात. ४,००० व्होल्टला तेवढी ओलसर वाट पुरते. आठ दिवस उन्हात ठेवलेला ओव्हन पहिल्या दिवशी चालतो आणि पुढच्या दमट रात्री पेटतो. पुराचे पाणी आतल्या यंत्रभागात शिरले असेल तर तो ओव्हन मोडीत काढणेच शहाणपणाचे; नुकसानीच्या पंचनाम्यात त्याची नोंद करून घ्यावी.

मोडीत काढलेल्या ओव्हनचे काय करायचे, हा ग्रामसभेच्या हातातला भाग. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांच्या यादीत मायक्रोवेव्ह आहे. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे तो पोचवण्याची व्यवस्था उत्पादकांनी उभी करायची आहे. पण गावातून तो उचलणारा पहिला माणूस भंगारवालाच असतो. तो तांब्यासाठी ट्रान्सफॉर्मर फोडतो आणि चुंबकासाठी मॅग्नेट्रॉन ठेचतो. काही मॅग्नेट्रॉनमधल्या चिनी मातीच्या कड्यांत बेरिलियमचे ऑक्साइड असते. अखंड असताना ते निरुपद्रवी, पण त्याची पूड श्वासातून गेली तर फुप्फुसाला घातक. १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पातून वारणा परिसरातल्या ७० गावांत संगणक आले आणि त्याचे देशभर कौतुक झाले. यंत्रे गावात आणण्याची योजना अशी वेळेवर झाली. ती गावातून बाहेर नेण्याची योजना अजून प्रत्येक गावाला स्वतःच आखावी लागते.

ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांपैकी १ मेची सभा पावसाळ्याच्या तोंडावर येते. तेव्हा तीन गोष्टी ठरू शकतात. वर्षातून एक दिवस ई-कचरा एका जागी गोळा करून नोंदणीकृत केंद्राला देणे. गावातल्या दुरुस्तीवाल्यांना आणि भंगारवाल्यांना बोलावून कॅपॅसिटर, फ्यूज आणि मॅग्नेट्रॉनची माहिती कोणाकडून तरी प्रत्यक्ष यंत्र उघडून दाखवणे. आसपासच्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत असे शिक्षक असतात. आणि शाळा, अंगणवाड्या, संस्थांची स्वयंपाकघरे इथे जे दान मिळालेले किंवा जुने ओव्हन आहेत, त्यांची दारे, आकडे आणि वायरी एकदा तपासून घेणे. यांत नापास झालेला ओव्हन आवारात नुसता ठेवू नये, कारण कोणीतरी तो ‘चालतोय का बघू’ म्हणून उचलतोच. प्लग काढून त्याची वायर मुळापासून कापावी आणि ‘दार खराब, वापरू नये’ असे पत्र्यावरच जाड अक्षरांत लिहावे.

कळावे.